दोन हजारांची सूट नक्की कशाची?



गेले पंधरा-वीस दिवस आपल्या समूहावर जुन्या वाड्यांच्या आठवणी चालू आहेत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, खारीवाव रोड, घडियाळी पोळ. कोणाला ओटा आठवतो, कोणाला माडीवरचा झोपाळा, कोणाला महिन्याचं बारा रुपये भाडं. वाचायला मजा येते, मीही त्यातलाच आहे. पण त्या वाड्यांतून बाहेर पडून आपण ज्या अपार्टमेंटांत राहायला गेलो, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. 1975 ते 1995 च्या दरम्यान बांधलेल्या, तीन-चार मजल्यांच्या, बहुतेक बिनलिफ्टच्या इमारती. त्या आता तीस ते पन्नास वर्षांच्या झाल्या. आपल्यातले पुष्कळ जण तिथूनही पुढे मांजलपूरला, वासणा-भायलीला, नाहीतर मुलांकडे परदेशी गेले. जुना फ्लॅट विकवला नाही, म्हणून भाड्याने दिला. म्हणजे बारा रुपये भाड्याच्या आठवणी सांगणारे आपण आज घरमालक आहोत, हे जरा लक्षात घेऊन पुढचं वाचा.

माझं म्हणणं असं आहे की इमारत धोक्याची असेल तर त्यापोटी भाडं कमी करून मागू नये, आणि घरमालकाने ते कमी करून देऊही नये. ऐकायला विचित्र वाटेल. आयुष्य बँकेत काढलेला माणूस घासाघीस करू नका म्हणतो म्हणजे काय! घासाघीस जरूर करावी. लिफ्ट नाही, कमी करा. चौथ्या मजल्यावर पाणी सकाळी अर्धा तासच चढतं, कमी करा. खाली फरसाणवाल्याची भट्टी आहे, दुपारभर वास येतो, अवश्य कमी करा. या सगळ्या गैरसोयी आहेत आणि गैरसोयीची किंमत ज्याची त्याला ठरवता येते. पुराचंही मी एक वेळ त्यातच धरेन. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, तळमजल्यांत पाणी शिरलं, लोकांची कपाटं-फ्रीज गेले. पण नदी चढताना दिसते, तिचे आकडे तासातासाला कळतात, माणसाला वर जायला वेळ मिळतो. तळमजल्याला त्यामुळे भाडं कमी असेल तर तो समजून-उमजून केलेला व्यवहार आहे (इमारत त्या पाण्यात दोन दिवस उभी राहून आतून काय झाली, ते मात्र त्यात येत नाही). स्लॅब आणि खांब यांचं तसं नाही. तिथे काही झालं तर पहाटे साडेचारला होतं आणि कमी केलेलं भाडं कोणाला परत करायचं हा प्रश्नच उरत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मेहुणीचा नातू नोकरीसाठी बडोद्याला आला. मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागला, लग्न होऊन वर्ष झालेलं. "आजोबा, तुम्ही इथले माहितगार, बरोबर चला," म्हणाला, म्हणून मी घरं बघायला त्याच्याबरोबर फिरलो. सहा-सात घरं पाहिली. त्यातलं एक शहराच्या जुन्या भागाला लागून होतं, दोन बेडरूमचं, हवेशीर, पूर्वेला गॅलरी. घरमालक आपल्यापैकीच, त्यामुळे नाव-गाव-गल्ली काही लिहीत नाही. माणूस सज्जन. चहा दिला, माझ्या बँकेतल्या दोन ओळखी काढल्या. भाडं सांगितलं अकरा हजार.

न्हाणीघराच्या छताला पोपडा सुटून सळया दिसत होत्या, गंजून फुगलेल्या. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना डाव्या हाताच्या खांबाला उभी चीर होती आणि चिरेच्या कडेला तांबूस ओघळ. जिन्याखाली सगळे विजेचे मीटर आणि त्यांना टेकून स्कूटर लावलेल्या, एक बॅटरीवरची स्कूटर तिथेच चार्जिंगला. मुलाने छताकडे बोट दाखवलं. घरमालक लगेच म्हणाले, "अहो, पावसाळ्यात थोडं पडतं. त्याचंच तर सांगतो ना, तुम्ही नऊ द्या." दलाल म्हणाला, "काका, आ भावमां आवुं घर क्यांय नहीं मळे." मुलाचा चेहरा खुलला. महिन्याला दोन हजार वाचले!

मी घरमालकांना विचारलं, सोसायटीने कधी इंजिनिअरला बोलावलं होतं का. बोलावलं होतं. खांबांचं आणि स्लॅबचं काम करायला सगळे मिळून अठरा लाखांचा अंदाज आला होता. बारा फ्लॅट, म्हणजे प्रत्येकी दीड लाख. तिघे परदेशात, दोन फ्लॅट बंद, एकाचा भावांत दावा चालू, एक म्हणतो मला विकायचाच आहे. सभा झाली, चहा-बिस्किटं झाली, विषय राहिला. "आणि तुम्ही सूट कधीपासून देताय?" "झाली सहा वर्षं. प्रत्येक भाडेकरू तेच छत दाखवतो, काय करणार!"

आता हिशोब बघा. महिना दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार, सहा वर्षांचे एक लाख चव्वेचाळीस हजार. दुरुस्तीतला त्यांचा वाटा होता दीड लाख. म्हणजे जवळजवळ तेवढेच पैसे या गृहस्थांनी सहा वर्षांत भाडेकरूंना सोडून दिले आणि सळया होत्या तिथेच, उलट सहा पावसाळे जास्त खाल्लेल्या. भाडेकरूला वाटलं आपण फायद्यात, घरमालकाला वाटलं फ्लॅट रिकामा राहिला नाही हेच नशीब. दोघांनी मिळून दुरुस्तीचाच निधी वाटून खाल्ला, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. राग आला नाही, एवढे ते सज्जन आहेत.

सूट घेतलेल्या भाडेकरूचं तोंड बंद होतं, हा त्यातला दुसरा भाग. पुढे पोपडा पडला की तक्रार कशी करणार? त्याचंच तर कमी घेतोय ना! करार अकरा महिन्यांचा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, तो खर्च आणि ती कटकट टाळायला अकरा महिने ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे भाडेकरू म्हणतो, अकरा महिनेच तर काढायचेत. घरमालक म्हणतो, अकरा महिन्यांच्या माणसासाठी कोण खर्च करतो. खांबाला अकरा महिने कळत नाहीत.

लाकडी वाड्यात राहिलेल्यांना एक गोष्ट सांगायला नको. तिथे घर बोलायचं. तुळई कुजली की आधी भुसा पडायचा, मग करकर ऐकू यायची, मग जमीन चालताना दबायची. घरमालक सुताराला बोलावून टेकू द्यायचा. सिमेंट-काँक्रीट तसं बोलत नाही. आत ओल आणि हवा पोचली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो आणि बाहेरच्या काँक्रीटला आतून ढकलतो. आपल्याला दिसणारा पोपडा ही सुरुवात नसते. गंज त्याच्या कित्येक वर्षं आधी लागलेला असतो. आणि आपण काय करतो? गिलावा भरून वर डिस्टेंपर मारतो, भाडेकरू बघायला येणार म्हणून. गिलाव्यातली बारीक जाळीसारखी चीर आणि खांबाच्या अंगातली उभी चीर यांत फरक आहे. तो ओळखणं इंजिनिअरचं काम, दलालाचं नव्हे आणि माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्याचंही नव्हे.

"इतकी वर्षं उभी आहे ना इमारत, आता काय होतंय" असं म्हणणाऱ्यांना मी अटलादरा आठवून देतो. 28 ऑगस्ट 2013, पहाट. माधवनगरमधल्या दोन तीन-मजली इमारती कोसळल्या, किमान 11 माणसं गेली. आपल्या शहरात, परक्या ठिकाणी नव्हे. त्या इमारती कोणा पळपुट्या बिल्डरच्या नव्हत्या, वुडाने, म्हणजे सरकारी प्राधिकरणाने बांधलेल्या होत्या. आणि जुन्यापुराण्या तर अजिबात नव्हत्या, पंधरा वर्षंही झाली नव्हती. मग आपल्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींना कसली हमी आहे?

ते 2013 साल तसं वाईटच गेलं. एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत पडून 74 माणसं मेली. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आणून बसवली होती. राहती इमारत पाडायला कॉर्पोरेशन कचरतं, हे बिल्डर लोकांना पक्कं माहीत असतं. अशा ठिकाणी स्वस्तात जागा मिळाली म्हणून जो जातो त्याला ठाऊकही नसतं की आपला तिथे ढालीसारखा उपयोग होतोय. सप्टेंबरमध्ये मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची इमारत पडली, 61 गेले. नंतर 2017 च्या जुलैत घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत पडली, 17 गेले. तळमजल्यावर फेरफार चालू होते. वरच्या मजल्यावरच्यांचं घर आतून चकचकीत असेल, त्यांनी हप्ते वेळेवर भरले असतील, त्याने खालच्या खांबाला काय फरक पडतो?

भूकंपाचं तर आपण विसरूनच गेलो. 26 जानेवारी 2001 ला केंद्र कच्छात, आणि अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथल्या कित्येक बहुमजली इमारती बसल्या. त्यांत खाली मोकळं पार्किंग, बारीक खांब आणि वर चार मजले अशा पुष्कळ होत्या. बडोदा हललं, पण वाचलं. तशाच घडणीच्या इमारती आपल्याकडे रांगेने उभ्या आहेत आणि काही ठिकाणी त्या पार्किंगमध्ये भिंती घालून दुकानं काढली आहेत, भिंत घालताना खांब तासलाय की नाही हे वरच्यांनी कधी वाकून पाहिलेलं नाही.

बँकेत कर्जाला फ्लॅट तारण ठेवायचा असला की आम्ही मूल्यमापक पाठवायचो. तो बाजारभाव लिहायचाच, शिवाय इमारतीचं उरलेलं आयुष्य वर्षांत लिहायचा. कर्जाची मुदत त्या आकड्याच्या आत बसली पाहिजे, नाहीतर फाइल परत. व्याजदर दोन टक्के वाढवून अशा इमारतीवर कर्ज देऊ, असं कधी कोणी मॅनेजर म्हणाला नाही. कारण जोखीम आणि खात्री यांतला फरक बँकेला कळतो. जोखमीवर जास्त व्याज घेता येतं. तारण पडणारच असेल तर व्याज कितीही लावा, बुडीत ते बुडीत. बँक आपले आठ-दहा लाख ज्या स्लॅबखाली ठेवायला तयार नाही, तिथे आपण नवं जोडपं झोपवतो आणि दोन हजार कमी केले म्हणून उपकार मानायला लावतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आहे, त्याचं कलम 108. वेगळा करार नसेल तर, जागेतला जो मोठा दोष घरमालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही, तो त्याने सांगायलाच हवा. घरमालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. भाडे नियंत्रणाचा 1947 चा जुना मुंबईचा कायदा, जो गुजरातेतही चालत आला, त्यात राहण्याजोगी दुरुस्ती ठेवणं घरमालकाचं काम आणि भाडेकरूने वळते करायचे पैसे वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाहीत, असं आहे. नऊ हजारांच्या घरात वर्षाला सत्तावीस हजार झाले. पण दोन्हीकडे मेख एकच: करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आणि स्टॅम्पवाल्याकडच्या छापील करारात बहुतेक वेळा एक ओळ असतेच, "सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी." सही करताना आपण भाड्याचा आकडा आणि डिपॉझिट तेवढं वाचतो. ती एक ओळ काढून टाकायला लावणं हे महिना दोन हजारांहून जास्त मोलाचं आहे. घरमालकांनीही एक ध्यानात ठेवावं. छत दाखवून सूट दिलीत, म्हणजे दोष तुम्हाला माहीत होता याचा पुरावा तुम्हीच दिलात. उद्या काही घडलं तर "मला काय कल्पना" म्हणायला जागा नाही.

कॉर्पोरेशनकडे जावं म्हणाल तर तिथे निर्भयता शाखा आहे. नाव छान आहे. कमिशनरांना कायद्याच्या कलम 264 खाली धोकादायक इमारतीला नोटीस देता येते, दुरुस्त करा, रिकामी करा, उतरवा. पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा लागतात, जिन्यात चिकटवतात. पुढच्या वर्षी जुन्या नोटिशीवर नवी लागते. भाड्याने घर बघायला जाल तेव्हा जिन्याच्या भिंतीवर फाडलेल्या कागदाचा गोंद दिसतो का, ते जरूर बघा. गंमत म्हणून सांगत नाही, मी बघतो.

आपण भाडेकरूला किती तपासतो! आधार कार्ड, फोटो, कंपनीचं पत्र, पोलिसांचा फॉर्म. लग्न झालंय का, किती माणसं, गावाहून पाहुणे किती येतात, मटण-मच्छी करता का. (बडोद्यात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी माणसालाही हा शेवटचा प्रश्न विचारतात आणि आपल्यातले काही आता दुसऱ्या मराठी माणसाला विचारतात, तो वेगळा लेख होईल.) त्या भाडेकरूने उलट इमारतीचा दाखला मागितला की मात्र आपल्याला अपमान वाटतो. "आम्ही वीस वर्षं राहिलो तिथे, आमची मुलं तिथेच वाढली." वाढली हो. तेव्हा इमारत पाच वर्षांची होती.

मग भाडेकरूने मागावं काय? मी त्या मुलासाठी मागितलं ते असं: भाडं पूर्ण अकरा हजार घ्या, हवं तर चार महिन्यांचं आगाऊ घ्या, पण राहायला येण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून त्याचा लेखी अहवाल द्या. हातोड्याची चाचणी, सळयांची चाचणी, जे काय तो सांगेल ते. अहवालात खांबाचं काम निघालं तर ते पुरं होईपर्यंत भाडं सुरू नाही. दुरुस्तीची ओळ करारातून काढा. मीटरसमोरच्या स्कूटर हलवा, ही तर फुकटची दुरुस्ती आहे. 2019 च्या मे महिन्यात सुरतेला तक्षशिला आर्केडच्या आगीत 22 विद्यार्थी गेले, खाली यायची वाट उरली नव्हती. आपल्याकडे जिना एकच आणि त्याच्या तोंडाशी मीटर, स्कूटर, पेट्रोल.

घरमालक म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात नाही हो, खांब सगळ्यांचा आहे." खरं आहे ते. न्हाणीघराचं छत त्यांचं, खांब बारा जणांचा. पण भाड्याने द्यायचा की नाही, हे तर त्यांच्या एकट्याच्या हातात आहे ना? आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या इमारतींसाठी गुजरातेत 2018 च्या दुरुस्तीने वाट काढून ठेवली आहे, पंचवीस वर्षांहून जुनी इमारत असेल तर 75 टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास करता येतो, सगळ्यांच्या सह्यांसाठी अडून राहावं लागत नाही. बारांपैकी नऊ. परदेशातल्या तिघांनी ईमेलला उत्तर दिलं तरी निम्मं काम होईल. हे वाचणाऱ्यांत असे "परदेशातले तिघे" आहेत, मला नावं माहीत आहेत, घेत नाही.

कोणी म्हणेल, काका, तुमचं पेन्शन चालू आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय, ज्याचा पगारच पंचवीस हजार आहे त्याने काय करावं. हा प्रश्न खरा आहे आणि याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. लहान घ्यावं, लांब घ्यावं, एक खोली घ्यावी. त्या मुलाने शेवटी मांजलपूरच्या पुढे एका बेडरूमचं घर घेतलं, साडेबारा हजारांना. बायको सुरुवातीला नाराज होती, गॅलरी नाही म्हणून. पण ज्याला तेही परवडत नाही त्याच्यावर मी शहाणपणा लादणार नाही. तिथे जबाबदारी घेणाऱ्याची नाही, देणाऱ्याची आहे. नऊ हजारांवाचून आपलं अडत नाही, मंडळी. आपल्यातल्या बहुतेकांचं खरंच अडत नाही. फ्लॅट वर्षभर बंद ठेवला तर एक लाख आठ हजार येणार नाहीत, एवढंच.

त्या हवेशीर फ्लॅटमध्ये सध्या नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली राहतात. भाडं साडेआठ हजार, आणखी पाचशे कमी झालं. मी घरमालकांना वर दिलेला हिशोब एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही त्याची प्रत दिली. पावसाळा संपला की सभा घेऊ म्हणालेत. मी म्हटलं, पावसाळ्याच्या आधी घ्या. बघू म्हणाले. आपल्या समूहात कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर असतील किंवा कोणाचा मुलगा-सून त्या लाइनीत असेल, तर मला फोन करा. सभेला येऊन अर्धा तास बोलायचं आहे. जाण्या-येण्याची सोय मी करतो, फी सोसायटी देईल की नाही सांगता येत नाही.